उबेची आणि उजेडाची अट

सें-तिबुर्स, बोस परगणा
२० फेब्रुवारी १९८९

प्रिय रोझेर,

फोन करत नाही, कारण तुमच्या वीज कंपनीच्या कॅम्पावर फोन एकच आणि तोही खानावळीच्या भिंतीवर. मागे रांगेत उभे असलेले तुझे सोबती माझं सगळं ऐकतात आणि तू "हं, हं, बरं" एवढंच बोलतोस. पत्राला नुसतं "हं" म्हणून चालत नाही, म्हणून पत्र.

आधी बातमी. मला लग्नाचं विचारलंय. हसून झालं की पुढचं वाच. उक्लीद नाव. मादलेन बेटांवर राहतो, समुद्रात शेवंडं पकडतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या लग्नात भेटला, दुसऱ्या कुणाशी नाचलाच नाही. त्याचा मुळी पायच मोडलाय की काय असा नाचतो, पण थांबत नाही. मे महिन्यात त्यांचा हंगाम सुरू होतो. म्हणतो, "त्याआधी हो की नाही ते सांग. नाही म्हणालीस तरी बोट काढीनच, पण जाळ्यात काय आलंय ते मला दिसणार नाही." मी अडतीस वर्षांची आहे, रोझेर. असं मला आजवर कुणी बोललेलं नाही.

मला हो म्हणायचंय. प्रश्न आईचा आहे.

बाबांनी नोटरीकडे बसून घर नि जमीन माझ्या नावावर केली, एवढी पहिली ओळ तुम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. पुढच्या ओळी मला पाठ आहेत. आईला मरेपर्यंत जेवण, निवारा, ऊब आणि उजेड द्यायचा. दर हिवाळ्याला अर्धं डुक्कर. चुलीला पुरेल इतकं मेपलचं लाकूड. दर रविवारी चर्च. आणि शेवटी, आई दुसरीकडे कुठं राहायला गेली तर घर विकून सगळ्या भावंडांत वाटायचं. म्हणजे तिला हलवायची सोय नाही, मलाही हलायची नाही. आपल्याकडे धाकट्या मुलीला म्हातारपणाची काठी म्हणतात. तुला कुठं जायचंय, असं काठीला कुणी विचारत नाही.

कमरेचं हाड मोडल्यापासून आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्चीत असते. हाताशी गाईच्या गळ्यातली घंटा. गाई विकल्या, घंटा ठेवली. उशी सरकली, घंटा. रस्त्यानं कोण गेलं, घंटा. मी संडासात असले तरी घंटा. परवा स्वप्नात वाजली आणि मी उठून गेले. आई घोरत होती.

भावांत तू एकटा बिनलग्नाचा. ईस्टरला ये आणि माझ्या जागी उभा राहा. घर तू घे, मला काही नको. आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तिला तुझाच अभिमान. दिवा लावला की म्हणते, "रोझेरनं पाठवला."

तुझी,
ओदेत


उत्तर उपकेंद्र
३ मार्च १९८९

प्रिय ओदेत,

शेवंडवाला! अगं, त्यांच्या अंगाला येणारा वास सात साबणांनी जात नाही म्हणतात. तरी मनापासून आनंद झाला. खरंच.

पण ईस्टरचं अवघड आहे. इथली परिस्थिती तुला कळायची नाही. रस्ता नाही. विमान येतं ते हवेच्या मर्जीनं. बाहेर थुंकलं तर खाली पडेपर्यंत गोठतं. आम्ही मोजकी माणसं, एकमेकांची तोंडं पाहून इतके कंटाळलोय की परवा दोघं जण मिठाच्या बाटलीवरून हातघाईवर आले. दर दिवशी घेवडा. आणि धरणावरून निघालेल्या लाईनी आमच्या डोक्यावरून जातात, त्या सांभाळायच्या. तुम्ही खाली बटण दाबता, ते चालतं, याच्यामागे कुणीतरी गोठत बसलेलं असतं.

मला सोडायला कंपनी तयार होणं कठीण. जुना माणूस मीच. ट्रान्सफॉर्मरची घरघर जरा बदलली तरी मला झोपेत कळतं.

शेवंडवाल्याला म्हणावं, यंदाचा हंगाम जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू. जो थांबत नाही तो कसला नवरा? हीटर नीट चालतायत ना? चूल काढून टाकायला लावली तेव्हा तू किती भांडलीस. आता सरपणाचा त्रास नाही, राखेचा नाही. आईला पापी दे.

तुझा,
रोझेर


सें-तिबुर्स
१५ मार्च १९८९

रोझेर,

तू जिवंत आहेस ना? फोन लावला तर लागत नाही. रेडिओवाले सांगतात की अख्ख्या प्रांताची वीज एका झटक्यात गेली आणि ती तुमच्या बाजूनं गेली. पहिल्या विमानानं चार ओळी पाठव.

इकडचं ऐक. सोमवारी जाग आली ती गारठ्यानं. घंटा वाजतच होती.

"ओदेत, हीटर मेला."

"वीज गेलीय, आई."

"कशी जाईल? रोझेर तिथं आहे ना?"

उजाडलं तेव्हा स्वयंपाकघरात आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. चूल नाही. कॉफी नाही. सगळंच विजेवर, तुझ्या कृपेनं. जिथं चूल होती तिथं तू फ्रिज ठेवलास, आणि त्या दिवशी अख्खं घरच फ्रिज झालं होतं. मी आईला चार गोधड्यांत गुंडाळलं. नाक तेवढं बाहेर. तेवढ्यानंही बोलणं थांबलं नाही.

"कागदात लिहिलंय, ओदेत. ऊब आणि उजेड. दोन्ही नाहीत."

"नोटरीला फोन लावू?"

"लाव. त्याच्याकडे तरी चूल आहे का विचार."

मला रडावं की हसावं कळेना. इतक्यात शेजारचा म्हातारा तेलेस्फोर ट्रॅक्टरला घसरगाडी जोडून दारात. त्याच्या साखरघरात हंगामाची पहिली भट्टी पेटली होती, मेपलचा रस उकळायला. "अल्फोंसीन, चल," आईला म्हणाला, "का पोरगा दिवा लावेपर्यंत गोठून बसणार? त्याला डुलकी लागलेली दिसते." आईला त्यानं आणि मी गादीसकट उचलून गाडीवर ठेवलं. दोन हिवाळे तिनं उंबरा ओलांडला नव्हता. धर्मगुरूच घरी येतात. मला वाटलं, आरडाओरडा करील. तर गप्प. डोळे मिटून, तोंडावर बर्फ घेत बसली होती.

साखरघरात निम्मं गाव जमलेलं. सगळ्यांनी चुली काढून हीटर लावलेले ना! वाफेनं समोरचा माणूस दिसत नव्हता. तेलेस्फोरची बहीण फ्लोरेत तिथं होती. ती आता तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात राहते, हंगामापुरती आलेली. ती आणि आई शाळेत एका बाकावर होत्या म्हणे. दोघी भट्टीशी पत्ते कुटत बसल्या. आई पत्ते चोरते हे मला माहीत नव्हतं. फ्लोरेतनं तिचा हात पकडला तेव्हा आई इतकी हसली की खोकला लागला. आई हसताना कशी दिसते हे मी विसरलेच होते.

मी जवळ गेले, म्हटलं पाय गरम आहेत का बघू. तर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "मला इथंच राहू दे." जसं काही घरी मी तिला उपाशी ठेवते! तेलेस्फोरची सून माझ्याकडे बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारी वीज आली. घरी आणलं, हीटर पार वर केले. तर बाईसाहेब कोट काढायला तयार नाहीत. खुर्चीत कोट, टोपी, हातमोजे घालून बसल्या. "आई, कोट काढ." "राहू दे." रात्रीचं जेवण कोटातच. हे घर तिला थंड लागतं, हे मला दाखवायला. बोलून मारते ते पुरत नाही, आता न बोलून.

रेडिओवर सांगितलं की हे सूर्यामुळे झालं. आई म्हणाली, "सूर्य? काळोखात?" आणि मी म्हटलं, रोझेरला विचारते.

ईस्टर दहा दिवसांवर आलाय. मी उक्लीदला अजून काही कळवलेलं नाही. त्या दिवशी त्याचा फोन आला होता. त्यांच्या बेटावर वीज गेलीच नाही. त्यांचं वीजघर छोटंसं, त्यांचं त्यांचं. दुसऱ्यांच्या लाईनीशी संबंध नाही. "तुम्ही सगळे एका दोरीला बांधलेले," म्हणाला. तो हे विजेबद्दलच बोलत होता, पण मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले.

येतोयस ना?

ओदेत


उत्तर उपकेंद्र
२० मार्च १९८९

प्रिय ओदेत,

जिवंत आहे. तेलेस्फोरला सांग, डुलकी मला नव्हती लागली.

आईला असं सांग. सूर्यावर वादळ झालं. त्यानं भिरकावलेलं काहीतरी दोन-तीन दिवसांनी पृथ्वीवर येऊन आदळलं आणि पृथ्वीचं चुंबकत्व हललं. ते हललं की जमिनीतून वीज वाहायला बघते. तुमच्याकडची माती ओली, तिच्यातून ती निमूट निघून जाते. आमच्या पायाखाली शेकडो कोसांचा नुसता कातळ. कातळ तिला वाट देत नाही. मग आमच्या ज्या तारा जमिनीत गाडलेल्या असतात, त्यांवरून ती वर चढते आणि आमच्याच लाईनीत घुसते. न बोलावलेला पाहुणा. आदल्या संध्याकाळपासून आभाळ लाल होतं, कत्तलखान्याच्या फरशीसारखं. ट्रान्सफॉर्मर असा घोगरा ओरडायला लागला की माझे दात झणझणले.

पुढचं जरा लक्ष देऊन वाच, कारण वर्तमानपत्रवाले ते उलटंपालटं छापतायत. लाईनीवर ठिकठिकाणी दाब सांभाळणारी यंत्रं असतात. त्यांना शिकवलेलं असतं, जिवावर बेतलं की स्वतःला लाईनीपासून तोडायचं. पहिल्यानं तोडलं. त्याचा भार दुसऱ्यावर आला, म्हणून त्यानं तोडलं. मग तिसऱ्यानं. बघता बघता एकही उरलं नाही आणि धरणाकडून येणारी लाईन कोसळली. यंत्रं शाबूत आहेत, ओदेत! एकाचीही चूक नाही. ज्याला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. प्रत्येकानं स्वतःला वाचवलं आणि सगळा प्रांत अंधारात गेला. आम्ही नियंत्रणकक्षात तोंडं उघडी टाकून उभे. नंतर रेडिओही मेला. विमान नाही, आवाज नाही, आम्ही आणि बर्फ. एक जण म्हणाला की खाली जगच उरलं नसेल तर? कुणी त्याला गप्प बस म्हणालं नाही.

आता वरून माणसं येणार, एकेक यंत्र तपासणार, त्यांना जरा जास्त सोसायला शिकवणार. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द आहेत. तेव्हा ईस्टरला नाहीच. माझा इलाज नाही. आईचं वय झालंय, कोटाचं मनावर घेऊ नकोस.

तुझा,
रोझेर


सें-तिबुर्स
३ एप्रिल १९८९

रोझेर,

ईस्टरच्या प्रार्थनेला चर्चमध्ये कोण दिसलं असेल? तुमच्या कॅम्पावरचा फ्लोरियां. बायको, चार पोरं, नवा सूट. मी विचारलं, "सुट्ट्या रद्द ना?" तो म्हणाला, "छे! वादळानंतर सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवस दिले. रोझेरनं तर त्याचेही मला दिले. देवमाणूस!" आणि माझा हात धरून त्यानं तुझे आभार मानले. मी म्हटलं, कळवते.

कळवलं.

तुझं यंत्रांचं पत्र मी चारदा वाचलं. तू फार छान समजावतोस. मी ते आईला वाचून दाखवलं आणि वाचता वाचता आपली भावंडं मोजायला लागले. सेसील नन झाली. बोलिव्हियात दुसऱ्यांच्या आया सांभाळते. लोरेंझो अमेरिकेत गेला, नाताळला आईशी फोनवर फ्रेंच सोडून इंग्रजी बोलतो. ग्रातियेनचं माँट्रियलमधलं घर लहान, ते दर वर्षी आणखी लहान होतं. आणि तू जिथं रस्ताच जात नाही अशी जागा शोधून काढलीस. कुणाचीही चूक नाही. प्रत्येकानं स्वतःला वाचवलं. भार पुढच्यावर, पुढच्यावर, असा करत माझ्यावर आला.

तर ऐक. मी आता तोडतेय.

२९ एप्रिलला सकाळच्या बसनं मी निघतेय, पुढं बोट. उक्लीदला हो कळवलंय. संध्याकाळपर्यंत तेलेस्फोरची सून आईजवळ बसेल. त्यानंतर घंटा वाजेल आणि ती ऐकायला घरात कुणी तरी असेल किंवा नसेल. हे लिहून पुन्हा वाचलं. तरी खोडत नाही.

आईला सांगितलं. वाटलं, आकाशपाताळ एक करील. तिनं एवढंच विचारलं, "त्याचं घर स्वतःचं आहे की भाड्याचं?" मी म्हटलं, स्वतःचं. "पक्कं?" पक्कं. "त्याच्या पश्चात कुणाला?" मी चिडले. म्हटलं, माझ्या लग्नाचाही नोटरी करतेस का? ती खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हापासून तिनं घंटेला हात लावलेला नाही. रुसलीय. इतकी वर्षं ती घंटा विहिरीत टाकावीशी वाटायची, आणि आता वाजत नाही तर मीच तासातासाला जाऊन बघते.

ओदेत


उत्तर उपकेंद्र
१२ एप्रिल १९८९

ओदेत,

असं करू नकोस. उन्हाळ्यापर्यंत थांब.

हे वरचं काल लिहिलं होतं. आज फाडणार होतो, पण राहू दे, तुला कळू दे मी कसा आहे ते. मला भीती वाटते गं. त्या खुर्चीची, खिडकीची. एकदा आत गेलो की माझ्यामागं दार लागेल आणि पुढच्या वेळी उघडेल ते आईची शवपेटी बाहेर न्यायला. इथं बर्फात कोंडलेला असतो, पण इथं कुणी मला हाक मारत नाही.

येतो. नोकरीवर पाणी सोडलंय. लांब रजा मागितली तर साहेब म्हणाला, जागा रिकामी ठेवता येणार नाही, फ्लोरियांला देतो. २९ तारखेच्या विमानात जागा मिळालीय, संध्याकाळी पोचेन. जमलं तर दुसऱ्या दिवशीच्या बसनं जा, म्हणजे भेट तरी होईल.

रोझेर


सें-तिबुर्स
७ मे १९८९

प्रिय ओदेत,

तू थांबली नाहीस ते बरं केलंस. थांबली असतीस तर मी रडलो असतो आणि तू आणखी एक वर्ष राहिली असतीस.

आता सगळं सांगतो. सावकाश वाच, आणि बसून वाच.

मी पोचलो तर तेलेस्फोरची सून दारातच उभी. "मी काही बोलले नाही हं त्यांना, ओदेत गेल्यापासून अशाच बसल्यात," म्हणाली आणि सटकली. आत गेलो. आई खुर्चीत. कोट, टोपी, हातमोजे. मांडीवर बाबांची शिकारीची पिशवी, गच्च भरलेली. मी म्हटलं, "आई, मी आलो. आता मी आहे." किती दिवस पाठ केलेलं वाक्य होतं.

"उशीर केलास," ती म्हणाली. "चल."

"कुठं?"

"फ्लोरेतकडे, वृद्धाश्रमात. तिच्या खोलीत दुसरी खाट आहे. तिनं ती वादळाच्या दिवसापासून माझ्यासाठी धरून ठेवलीय. वासरासारखा बघत उभा राहू नकोस, धर मला."

मी म्हटलं, अगं, पण कागदाप्रमाणे तू गेलीस तर घर विकावं लागेल.

"म्हणूनच तर गेले नाही!" अशी ओरडली, ओदेत, की मी लहानपणी दूध सांडल्यावर उभा राहायचो तसा उभा राहिलो. "त्या कागदात मी कुठं आहे माहितीये? अर्धं डुक्कर आणि सरपण यांच्या मध्ये. मला कुणी विचारलं होतं? तुझ्या बापानं सही केली, नोटरीनं शिक्का मारला. बाप गेला त्याच वर्षी मी नोटरीला विचारलं, मी आश्रमात गेले तर? तो म्हणाला, घर विकणार, वाटणार. पाच वाटे. पोरीच्या हाती काय राहणार? लग्न नाही, नोकरी नाही. छप्पर तेवढं होतं. मग बसले खुर्चीत. बसून राहिले तर पोरीचं घर राहणार होतं."

"मग घंटा?" मी विचारलं. 

"घरात दोनच माणसं. एक खुर्चीत आणि एक सारखी दुसऱ्या खोलीत. बोलवायला नको?"

ओदेत, आणि तो कोट. मी तुझं पत्र तिला सांगितलं, की तुला काय वाटलं होतं. तिनं टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, "त्या दिवशी वीज गेली नसती तर मला कळलंच नसतं की मला उचलून बाहेर नेता येतं. घरी आल्यावर मी कोट काढला नाही, कारण वाटलं, कुणीतरी म्हणेल, चल परत जाऊ. पण वीज आली होती ना. कोण कशाला म्हणेल?"

तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा ती घराची चौकशी का करत होती, तेही आता तुला कळलं असेल. तुझं पक्कं छप्पर झालं आणि ती सुटली. घंटा वाजवायची नाही असं तिनं ठरवलं, कारण घंटा ऐकून तू थांबशील अशी तिला धास्ती होती. मी म्हटलं, हे सगळं तू तिला सरळ का सांगितलं नाहीस? तर म्हणते, "तिनं मला सांगितलं होतं का, जायचंय म्हणून?" मी तिला काय शिकवणार? सगळ्यांपासून लपून बसण्यात माझा पहिला नंबर.

दुसऱ्या दिवशी तेलेस्फोरच्या गाडीतून तिला पोचवलं. फ्लोरेत दारात पत्ते पिसत उभी होती. आईनं मागं वळून पाहिलं नाही. परवा भेटायला गेलो तर म्हणाली, "डाव अर्धा आहे, नंतर ये." तुझ्यासाठी निरोप: तिच्या गाठीला असलेले पैसे ती तुझ्या नावावर ठेवणार आहे, शेवंडवाला वाईट निघाला तर. आणि तो खरंच इतका वाईट नाचतो का, ते कळव.

घर विकेपर्यंत कुणीतरी इथं राहायला हवं, म्हणून मी आहे. कॅम्पावर परत जायची सोय नाही, जागा फ्लोरियांची झाली. रात्री हीटर चालू होताना टक् असा आवाज करतात, प्रत्येक खोलीत वेगळा, आणि मी दचकून उठतो की कुणी हाक मारली. सगळ्या खोल्या गरम आहेत. सगळे दिवे लागतात. ऊब आणि उजेड, कागदात लिहिल्याप्रमाणे.

आई घंटा खिडकीतच ठेवून गेलीय. काल दुपारी तिच्या खुर्चीत बसलो होतो, सहज वाजवून पाहिली. कुणी येणार नाही हे माहीत होतं. तरी बराच वेळ दाराकडे बघत बसलो.

तुझा,
रोझेर